‘दादा’ नावाचं फोल्डर

माझ्या भावाचा आवाज कायमचा गेला, त्याआधी नऊ दिवस तो रोज सकाळी बाराखडी म्हणत होता.

तो एसटीत कंडक्टर होता. मालवण–कसाल गाडीवर त्याची बरीच वर्षं गेली. मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाला कट्टा गाव आलं की त्याच्या हाकेनेच जाग यायची. घसा बसला तेव्हा आम्ही कोणी लक्ष दिलं नाही, कारण कंडक्टरचा घसा बसतोच. वहिनी हळद-दूध देत राहिली. सहा महिन्यांनी गोव्यातल्या इस्पितळात नळी घालून पाहिलं तेव्हा डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. जीव वाचेल म्हणाले. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागेल आणि बोलणं जाईल. वहिनीने विचारलं, “थोडंसुद्धा नाही?” डॉक्टरांनी मान हलवली. ऑपरेशनची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली.

मी त्याची धाकटी बहीण. पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायचं काम करते. घरून काम करायची मुभा मिळाली तशी गावी, मसुऱ्याला आले आणि इथेच राहिले. घरात आम्ही तिघंच, दादा, वहिनी आणि मी. त्या बातमीनंतर प्रत्येकाने आपल्याला जमेल ते काहीतरी धरलं. वहिनीने उपास धरले. मला कॉम्प्युटरशिवाय दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मी मायक्रोफोन मागवला.

डोक्यात एवढंच होतं की त्याचा आवाज साठवून ठेवायचा. नेहमीची वाक्यं पूर्ण घ्यायची आणि बाकीच्यासाठी बाराखडी, म्हणजे पुढे तो जे टाइप करेल ते अक्षर-अक्षर जोडून त्याच्याच आवाजात बोलता येईल. मागच्या खोलीत चारी बाजूंना गोधड्या लटकवल्या. सकाळी त्याचा घसा जरा मोकळा असायचा, तेवढ्या दोन तासांत काम उरकायचं. मी वहीतून दाखवायची आणि तो म्हणायचा. क, का, कि, की.

“माका परत पयल्या इयत्तेत घातलंस गो,” तो पहिल्या दिवशी म्हणाला आणि हसला. हसताना खोकला आला आणि आम्ही थांबलो.

चौथ्या दिवशी ‘ढ’च्या ओळीवर आल्यावर त्याने वही खाली ठेवली. “ढौ. ह्यो शब्द मी जन्मात खंय बोल्लंय? ह्यां म्हणून काय होतलां?”

मी म्हटलं, “लागात कधीतरी.”

“काय लागात?” तो म्हणाला. पण मग त्याने ‘ढौ’ म्हटलं. त्याआधी, पहिल्याच दिवशी, ‘गो’ म्हणताना शेजारचा कोंबडा आरवला होता. पुन्हा घ्यायला हवं होतं, पण त्याचा आवाज त्या दिवसापुरता संपला होता. मग राहिलंच. आजही त्या ‘गो’च्या मागे बारीकसा कोंबडा ऐकू येतो.

वाक्यांची यादी त्याने स्वतः केली होती. ‘चाय दी’, ‘मासे कितक्याक दिलंस’, ‘दुकतां’, ‘दार लाव’, ‘तू जेवलंस काय’. यादीच्या शेवटी वहिनीचं नाव होतं, तो तिला ज्या नावाने हाक मारतो ते. ते त्याने दोनदा म्हटलं, एकदा साधं आणि एकदा रागाने. “दोनी व्हये,” म्हणाला.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला लावून बोलायचं एक छोटं यंत्रही इस्पितळातून मिळालं. त्यातून येणारा आवाज माशी बाटलीत अडकल्यासारखा होता. शिवाय किरणोपचारांनंतर त्याचा गळा कडक झाला होता, ते यंत्र टेकवलं की दुखायचं. दोन दिवसांत त्याने ते फडताळात ठेवलं. तोपर्यंत माझा प्रोग्राम तयार झाला होता. एका जुन्या टॅबलेटवर मी तो घातला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

त्याने एका बोटाने पाच मिनिटं टाइप केलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग त्याने बटण दाबलं आणि त्याचा आवाज आला, तुटक तुटक, पण त्याचाच: “आमटेत मीठ नाय.”

वहिनीने मिठाचा डबा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. मी प्रोग्राम लिहिते म्हणून मला पगार मिळतो, पण त्या दिवसाआधी मी लिहिलेलं काही कोणाच्या पोटापर्यंत गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा दादाने टॅबलेटवरूनच डॉक्टरांशी बोलणं केलं. तिथे वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी टॅबलेट हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि मला बाजूला बोलावलं.

“हे तुम्ही केलंत? दुसऱ्या पेशंटला देता येईल?”

त्यांच्याकडे वेंगुर्ल्याकडची एक बाई येत होती. मासे विकणारी. तिचंही स्वरयंत्र काढलं होतं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून बेळगावचा एक इंजिनिअर तिच्यासाठी चित्रांची पाटी बनवत होता. माशाच्या चित्राला हात लावला की माशाचं नाव उमटायचं, टोपलीला लावला की भाव. पाटी तयार होती, फक्त मालवणीत ती मुकी होती. कॉम्प्युटरच्या ठरावीक बाईच्या आवाजात ती मराठी बोलायची, पण मालवणी बोलायला लागली की काहीच्या काही व्हायचं. ‘बांगडो’ म्हणायला लावलं तर ती भलतंच म्हणायची.

“अक्षरं जोडण्याचा तुमचा भाग त्याला मिळाला तर काम होईल,” बाई म्हणाल्या.

मी लगेच हो म्हटलं. प्रोग्राममधला जो भाग दुसऱ्या कामातही वापरता येईल असा वेगळा काढून ठेवतात, त्याला आमच्यात लायब्ररी म्हणतात. अक्षरं जोडण्याचा भाग मी तसा वेगळा ठेवलेला होताच. “दोन दिवसांत पाठवते,” मी म्हटलं. गाडीत बसल्यावर दादाला सगळं सांगितलं. त्याने टाइप केलं, “बरां.” त्या एका शब्दाने मला वाटलं, त्याला सगळं समजलं आहे. मी नक्की काय देणार आहे, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. खरं तर ते मलाही नीट माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी मी लायब्ररी पाठवली. तिसऱ्या दिवशी सकाळी बेळगावहून त्या इंजिनिअरचा फोन आला. मुलगा तिशीच्या आतला वाटत होता, फार सौम्य बोलायचा.

“मॅडम, बिल्ड होत नाहीये. एरर येतेय की दादा सापडत नाही.” मग जरा थांबून त्याने विचारलं, “हा दादा कोण?”

कोड लिहून झाला की त्यातून चालणारी वस्तू तयार करावी लागते, तिला बिल्ड म्हणतात. कुठल्या फायली घ्यायच्या, त्या कुठे आहेत, कशाला काय जोडायचं, हे सगळं एका फाइलीत लिहिलेलं असतं. माझ्या त्या बिल्ड फाइलीत माझ्याच कॉम्प्युटरचा पत्ता होता. माझं नाव, त्यात मसुऱ्याचं फोल्डर, त्यात ‘दादा’ नावाचं फोल्डर, त्यात दादाचे आवाज. माझ्याकडे ते असल्यामुळे काम चालायचं. बेळगावच्या कॉम्प्युटरला ते कुठून मिळणार?

“माझा भाऊ,” मी म्हटलं. “थांबा, दुरुस्त करते.”

दुरुस्त करते हे वाक्य मी पुढच्या पाच आठवड्यांत किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. कंपनीत मी बारा वर्षं कोड लिहिला, पण बिल्डचं काम दुसरे लोक करायचे. आम्ही फायली त्यांच्याकडे टाकायचो आणि संध्याकाळी तयार वस्तू मिळायची. आपली लायब्ररी परक्याच्या घरात कशी उभी राहील, याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आता आली, आणि माझ्यासाठी कोणी थांबणारं नव्हतं. तिकडे एक बाई मुकी बसून होती.

पत्ता काढला तर दुसरी तक्रार आली. माझी लायब्ररी कशी वापरायची हे सांगणाऱ्या फायली त्याच्या प्रोजेक्टला दिसतच नव्हत्या, कारण त्या बाहेर ठेवायच्या असतात हे मी बिल्डमध्ये लिहिलंच नव्हतं. ते लिहिलं. मग तिसरी. मी स्वतःसाठी एक कडक नियम लावून घेतला होता की कोडमध्ये बारीकसा संशय जरी आला तरी बिल्ड थांबवायचं. माझी लायब्ररी त्याच्या प्रोजेक्टमध्ये शिरल्याबरोबर तो नियम त्याच्या सगळ्या प्रोजेक्टला लागला आणि त्याचं जुनं, चालत असलेलं काम बंद पडलं.

“मॅडम, माझंही आता चालत नाहीये,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यानेच मला जास्त वाईट वाटलं.

दर वेळी माझ्याकडे सगळं व्यवस्थित चालायचं. त्याला काय दिसतं ते मला दिसत नव्हतं. मी त्याला स्क्रीनचे फोटो पाठवायला सांगायची आणि आमच्या घरात नेटवर्क इतकं मंद की फोटो अर्धा उतरून थांबायचा. मग मी घरामागच्या सड्यावर, वरच्या उघड्या माळावर जायची. तिथे एका कातळावर उभं राहिलं की रेंज यायची. काजूच्या झाडाखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन मी त्याच्या एररचा अर्थ लावत बसायची. खाली पायवाटेने जाणारा एखादा विचारायचा, “काय गो, दादा कसो आसा?” मी वर न बघताच म्हणायची, “बरो आसा.”

तो बरा होता की नाही, हे खरं तर त्या दिवसांत मी पाहिलंच नाही.

वाचा-उपचारवाल्या बाई दर सोमवारी फोन करायच्या. “झालं का?” एवढंच विचारायच्या. मग एका सोमवारी म्हणाल्या, “ती येऊन गेली आज. हाताने विचारत होती, कधी. मी चार बोटं दाखवली, चार दिवस. चुकलं का माझं?”

मी “नाही” म्हटलं. आणि त्या चार दिवसांच्या दडपणाखाली मी ते केलं जे करायला नको होतं. आवाजाचं फोल्डर सापडत नाही, ही कटकट कायमची मिटावी म्हणून मी दादाचे सगळे आवाज लायब्ररीच्या पोटातच घातले. आता वेगळं फोल्डर नाही, पत्ता नाही, शोधणं नाही. लायब्ररी जिथे जाईल तिथे दादा तिच्यासोबत जाईल. बेळगावला बिल्ड एका झटक्यात झालं. “चाललं मॅडम!” असा त्याचा मेसेज आला तेव्हा मी कातळावरच डोळे मिटून बसले.

चौथ्या दिवशी बाईंनी व्हिडिओ पाठवला. इस्पितळातली खोली. बाकावर एक ठेंगणी बाई, गळ्याला रुमाल, केसांत अबोली. तिच्या मांडीवर पाटी. ती बांगड्याच्या चित्राला बोट लावते आणि खोलीत माझ्या भावाचा आवाज येतो: “बांगडो.” ती दचकते. मागे उभी असलेली तिची मुलगी तोंडावर हात धरते, हसू आवरायला. बाई पुन्हा बोट लावते. “ताजो. घे गो.” पुरुषाचा आवाज, आणि त्या ‘गो’मागे आमच्या शेजारचा कोंबडा. मग ती बाईही हसायला लागते, आवाज न करता, खांदे हलवत. व्हिडिओखाली बाईंनी लिहिलं होतं: तात्पुरतं आहे, पण ती किती खूश आहे बघा.

मलाही आनंद झाला. मी खाली पळत घरी आले आणि पडवीत बसलेल्या दादाच्या हातात फोन दिला. “बघ, तुझ्या आवाजान काय केल्यान!”

त्याने पाहिलं. पुन्हा लावायची खूण केली. दुसऱ्यांदा पाहताना त्याच्या कपाळावर ती उभी आठी आली जी तिकीट न काढलेला माणूस सापडला की यायची. त्याने टॅबलेट ओढला. मी वाट बघत उभी राहिले. तो एकेक अक्षर शोधत होता.

“ह्यो माझो आवाज,” टॅबलेट म्हणाला.

“हो रे, तुझोच.”

त्याने पुन्हा टाइप केलं. “माका इचारलंस?”

मी म्हटलं की तात्पुरतं आहे, घाई होती, तिचा स्वतःचा आवाज साठवलेला नव्हता, दुसरा मार्ग दिसत नव्हता. मी खूप बोलले. तो टाइप करू शकत होता त्याच्या दहापट वेगाने बोलले. माझं बोलणं संपेपर्यंत त्याने दोनच शब्द लिहिले होते आणि त्याचं बोट बटणावर होतं. त्याने बटण दाबलं नाही. टॅबलेट माझ्याकडे वळवला, म्हणजे मी वाचावं म्हणून. ‘बंद कर’ असं लिहिलं होतं.

मी त्याच दुपारी बाईंना फोन केला. “मीही विचारायला हवं होतं,” म्हणाल्या. “काढून घेते. पण तिला काय सांगू?” तिने नुकताच हसून वापरलेला आवाज मी परत मागत होते.

नंतरचे तीन आठवडे मी सड्यावर बसून ते काम पहिल्यापासून केलं, यावेळी शिकत शिकत. आवाज लायब्ररीतून पूर्ण बाहेर काढला. जो वापरेल त्याने आपल्या आवाजाचं फोल्डर बिल्डच्या वेळी दाखवायचं. दाखवलं नाही तर लायब्ररीने इकडेतिकडे शोधायचं नाही, ‘आवाज दिलेला नाही’ असं सरळ सांगून थांबायचं. माझे कडक नियम माझ्या लायब्ररीपुरते ठेवले, परक्या प्रोजेक्टला ते लागणार नाहीत असे. माझी चाचणी, माझा नमुन्याचा प्रोग्राम, हे सगळं दुसऱ्याच्या घरात आपोआप तयार व्हायचं बंद केलं. हवं असेल तर त्यानेच चालू करावं. बाहेर दिसायच्या फायली कुठल्या आणि आत राहायच्या कुठल्या, हे एकेक करून लिहिलं.

माझ्याकडे चालतं यावर आता माझा विश्वास राहिला नव्हता. मालवणातल्या एका मैत्रिणीचा लॅपटॉप मागून घेतला. त्यावर माझं काहीही नव्हतं, तिच्या शिकवण्यांचे कागद आणि तिच्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो. तिच्याच ओटीवर बसून मी तिथे लायब्ररी उतरवली आणि एक चार ओळींचा परका प्रोजेक्ट तयार करून त्यातून लायब्ररीला हाक मारली. पहिल्यांदा अडलं, दुसऱ्यांदा अडलं. दोन्ही वेळा माझ्या कॉम्प्युटरवर असलेली आणि तिथे नसलेली काहीतरी गोष्ट मी गृहीत धरली होती. संध्याकाळी मैत्रीण बाजारातून सुरमई घेऊन आली तेव्हा स्क्रीनवर ओळ होती: ‘आवाज दिलेला नाही’.

“बिघडलां काय?” तिने विचारलं.

“नाय, बरोबर चल्लां,” मी म्हटलं. तिला काही कळलं नाही. मी कधी नव्हे ते तिच्याकडे जेवून, शेवटच्या गाडीने घरी गेले.

वेंगुर्ल्याच्या बाईसाठी तिच्या मुलीने बाराखडी म्हटली. मुलीचा आवाज आईसारखाच आहे म्हणे, फोनवर नातेवाईक फसायचे. बेळगावच्या मुलाने ते फोल्डर दाखवलं, बिल्ड एका फेरीत झालं. पुढचा व्हिडिओ बाजारातला होता. टोपलीमागे बसलेली ती बाई पाटीवर बोट ठेवते आणि मुलीचा तरणा आवाज गिऱ्हाइकाला दटावतो. निघालेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे येतं. मी तो व्हिडिओ दादाला दाखवला नाही. दाखवायचं धैर्य झालं नाही.

कारण दादाने तोपर्यंत टॅबलेट हातात घेणं बंद केलं होतं. मला वाटलं राग आहे, उतरेल. मी त्याची माफी मागितली, दोनदा. त्याने दोन्ही वेळा माझ्या डोक्यावर हात ठेवला. राग नव्हता. तरी टॅबलेट फडताळातच होता, त्या गळ्याच्या यंत्राशेजारी. काही हवं असलं तर तो टाळी वाजवायचा, नाहीतर खडूने पाटीवर एखादा शब्द लिहायचा.

शेवटी मी वहिनीला विचारलं. ती सुकलेले काजू गोळा करत होती.

“तुका आता दिसलां?” ती म्हणाली. “तेंनी तां कधीच सोडलांनी. तू सड्यार बसलेलंस तेव्हाच.”

“कशाक पण?”

“स्टँडार गेले की जुने ड्रायव्हर भेटतत. हे एक वाक्य जुळयतत, तोपर्यंत तेंची चार बोलणी फुडे गेलेली. मग यंत्र बोलता, आणि सगळे गप होवन ऐकतत, जसां काय देवळात कीर्तन. ह्येंका तां सोसणा नाय.” तिने टोपली उचलली. “एकदा कोणतरी म्हणालो, परत म्हणून दाखव. गंमत म्हणून. त्या दिवशी घरी येवन ठेवल्यानी.”

ही गोष्ट घडली त्या दिवशी मी सड्यावर लायब्ररी पुन्हा लिहीत बसले होते. मला आठवलं, तो येताना मी त्याला कातळावरून हात केला होता आणि त्यानेही केला होता.

मी त्याला म्हटलं, अक्षरं शोधायचा वेळ कमी करता येईल, पुढचा शब्द आपोआप सुचवता येईल, आवाज जास्त सलग करता येईल. तो ऐकत राहिला. मग पाटी घेतली आणि खडूने सावकाश लिहिलं: ‘तेच्यात माका हसाक येणा नाय.’ पुसलं. मग लिहिलं: ‘रागवाक पण नाय.’

रागाने मारलेली एकच हाक त्याने साठवून ठेवली होती, वहिनीच्या नावाची. बाकी सगळी बाराखडी सपाट होती, कारण मी त्याला सपाट म्हणायला सांगितलं होतं, म्हणजे अक्षरं नीट जोडता येतील. यावर करण्यासारखं काही नव्हतं. ते आवाज पुन्हा घेता येणार नव्हते. बिल्डमध्ये चूक असती तर मी महिनाभर सड्यावर बसले असते.

लायब्ररी मात्र चालत राहिली. वाचा-उपचारवाल्या बाईंनी दुसऱ्या इस्पितळातल्या ओळखीच्यांना सांगितलं, त्या मुलाने आणखी कोणाला. कोकणीसाठी एकाने घेतली, एका शाळेने न बोलणाऱ्या मुलांसाठी घेतली. ओळखीपाळखीविना लोक लिहितात. अमुक कॉम्प्युटरवर बिल्ड होत नाही, तमुक फाइल सापडत नाही. मी सकाळी कामावर बसण्याआधी त्यांना उत्तरं देते. मी जिथे कधी जाणार नाही तिथे कोणाची तरी आई, कोणाचा तरी मुलगा आपापल्या आवाजात जेवायला मागतो, असं समजतं. मग मी जेवायला आत जाते आणि दादा बोटाने आमटीकडे दाखवतो. वहिनी वाढते.

मागच्या महिन्यात एक पत्र आलं, लांबच्या एका गावातून. एक म्हातारे गृहस्थ, आवाज गेलेला, आधी काही साठवलेलं नाही, घरात दुसरं कोणी नाही जे बाराखडी म्हणेल. लिहिणारी शेजारीण होती. तिने विचारलं होतं, लायब्ररीसोबत एखादा तयार आवाज मिळतो का, पुरुषाचा, आपल्याकडच्या बोलीतला. तिला दादाबद्दल काही माहीत असायचं कारण नव्हतं.

ते पत्र मी चार दिवस तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी दादा पडवीत जाळं विणत होता. हल्ली तो शेजाऱ्यांची जाळी दुरुस्त करून देतो. मी शेजारी बसले आणि यावेळी अगोदर विचारलं. पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, तू नाही म्हणालास तर नाही, आणि मी पुन्हा विचारणार नाही.

त्याचे हात थांबले. मी पाटी त्याच्या जवळ सरकवली. त्याने ती घेतली नाही. मानही हलवली नाही, होकाराची नाही की नकाराची. मग सुई जाळ्यातून ओढली आणि पुढचा फास घालायला लागला. मी अजून थोडा वेळ बसले. वहिनीने आतून हाक मारली तेव्हा उठले.

शेजारणीला मी लिहिलं की तयार आवाज सध्या नाही, पण गावातल्या कोणाला तरी तयार करा, बाराखडी कशी म्हणायची ते मी फोनवर सांगेन. तिचं उलट पत्र आलेलं नाही. ‘दादा’ नावाचं फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर आहे तिथेच आहे, कुठल्याही बिल्डला न जोडलेलं. तो नाही म्हणाला नव्हता, म्हणून काल मी त्याला पुन्हा विचारायला गेले होते, पण तो झोपला होता.